आईच्या हिरड्या सुजल्यात, पू येतोय, पण ती डेंटिस्टकडे पुन्हा जायला तयार नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई ६३ वर्षांची, सातारा जिल्ह्यात गावी असते. तीन आठवडे झाले, खालच्या हिरड्या सुजून लालभडक झाल्यात. नुसतं बोट लावलं तरी रक्त येतं. परवापासून मागच्या दाढेपाशी दाबलं की पू येतोय. भाकरी दुधात कुस्करून खाते, तीही अर्धीच.

शुगर ८ वर्षांपासून, गेल्या महिन्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.१ आलं. बीपीला अ‍ॅम्लोडिपिन. आणि मिश्री! चाळीसेक वर्षं स्वतः तव्यावर तंबाखू भाजून लावते. हिरडी ठणकली की आणखी लावते, त्याने बरं वाटतं म्हणते. मिठाच्या गुळण्या झाल्या. लवंगेचं तेल लावलं तर हिरडी पोळली.

डेंटिस्टने एक्सरे बघून सांगितलं, हाड झिजलंय, डीप क्लीनिंग, म्हणजे हिरडीच्या आतपर्यंत सफाई, करावं लागेल. पण शेजारच्या काकूंचे दात साफ केल्यावर हलायला लागले, तेव्हापासून आईचं एकच, "मशीन लावलं की दात जात्यात." मी पुण्यात. रोज फोनवर वाद होतो आणि मग दोघींनाही झोप लागत नाही.

सफाईने खरंच दात हलतात का? शुगर उतरेपर्यंत थांबावं का? कुणाच्या घरी मिश्री सुटली असेल तर कशी, तेही कृपया लिहा.

प्रतिसाद १

मी दंतवैद्य आहे. थांबू नका. शुगर वाढली की हिरडीतला संसर्ग बळावतो आणि तो संसर्ग शुगर खाली येऊ देत नाही. उपचार दोन्हीकडून एकदमच हवेत.

दात सफाईने हलत नाहीत. हाड आधीच गेलेलं असतं. दगडासारखं किटण दातांना एकमेकांत जखडून ठेवतं. ते निघालं की आधीपासूनचं हलणं जाणवतं. काकूंचं बहुधा हेच झालं असावं. काही दिवस थंड पाणी झोंबेल, हे आईंना आधीच सांगा.

अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या फुगतात. गोळी परस्पर बंद करू नका, फिजिशियनना विचारा. मिश्री सोडल्यावर सुरुवातीला रक्त जास्त दिसू शकतं, कारण तंबाखूने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. घाबरून पुन्हा लावायला देऊ नका. जिथे मिश्री लावतात तिथे पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम आहे का, तेही दाखवा.

ताप आला, गाल किंवा गळा सुजला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

प्रतिसाद २

आमच्या सासूबाईंची सुटायला पाच महिने लागले. डबी लपवली तर शेजारून आणायच्या. शेवटी एकेक वेळ कमी केली, आधी दुपारची, सकाळची सगळ्यात शेवटी. हाताला चाळा म्हणून भाजलेली बडीशेप जवळ ठेवली. तंबाखू सोडण्यासाठी १८००११२३५६ हा मोफत सरकारी नंबर आहे, आम्हाला त्याचा उपयोग झाला. रागावू नका हो, त्यांना खरंच तलफ येते.

धागाकर्ती

डॉक्टर, किटणाचं आत्ताच आईला फोनवर सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आधी एकाच बाजूचं करूया." शनिवारी गावी जातेय. ताई, सकाळची शेवटी, हे लक्षात ठेवते.