मंडळीत सगळं पाळकावरच येतं, जबाबदारी वाटायची कशी?

पाळक, मिरज तालुका
सलाम सगळ्यांना. छोट्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक (धर्मगुरू) आहे. रविवारचा उपदेश आहेच पण मयत झाली की कबरस्तानात खड्डा कोण काढणार इथपासून ते माईक बंद पडला, तरुण संघात दोघांचं वाजलं, पोराच्या अ‍ॅडमिशनला पत्र पाहिजे, सगळे फोन मलाच. मी गावाला गेलो की बुधवारची प्रार्थनासभा होतच नाही. कमिटीत काही विचारलं की "पाळकसाहेब तुम्ही म्हणाल तसं" आणि मीटिंग संपली की गेटपाशी उभं राहून नाराजी. पोरं म्हणतात आम्हाला कोण विचारतंय. उपदेशाची तयारी शनिवारी रात्री अकरानंतर, घरच्यांना वेळ नाही, आणि थकलोय म्हणायची पण सोय नाही, लगेच विश्वास कमी पडला म्हणतात. कुणी यातून वाट काढलीय का?

निवृत्त पाळक, सातारा
बायबलमधला निर्गम 18 परत निवांत वाचा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचा न्याय करत बसलेला त्याचा सासरा इथ्रोनं बघितला आणि जावयाला तोंडावर सांगितलं की असं केलंस तर तू पण झिजशील आणि लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमले, एवढं सगळ्यांना पाठ असतं, पण त्या नायकांनी लहान भांडणं तिथल्या तिथं मिटवायची होती, मोशेकडे फक्त अवघड तेवढीच यायची, हे आपण सोडून देतो. आपण काम वाटतो आणि निर्णय खिशात ठेवतो. मग माणसं विचारायला येणारच ना.

ही सवय जुनी आहे, परदेशी मिशनच्या काळात मिशनरी साहेबानं ठरवायचं आणि मंडळीनं ऐकायचं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनचं काम सोडून इथं साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला, मिशनच्या पगारावर न चालणारी, इथल्याच मातीतली भक्तमंडळी त्यांना हवी होती. 1919 मध्ये ते गेले पण तो प्रश्न अजून आपल्या दारात उभा आहे.

महिला मंडळ, सांगली
मला बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये 6 सांगावंसं वाटतं. पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनी, मंडळीलाच सात माणसं निवडायला सांगितली. ती नावं बघा, स्तेफन, फिलिप्प, सगळी ग्रीक. म्हणजे बहुतेक ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच माणसं वाटपावर बसली. तुमच्या गेटपाशी बोलणाऱ्यांपैकी एकाला कबरस्तानाचं काम पूर्ण द्या, किल्ली, वही, पैसे सगळं, आणि त्यानं तुमच्यापेक्षा वेगळं केलं तरी मध्ये पडू नका. आणि बायकांना विसरू नका हो, आमच्याकडे बुधवारची सभा बहिणीच आळीपाळीने घेतात, पाळकसाहेब आले तर मागच्या बाकावर बसतात.

खजिनदार, इस्लामपूर
वरचं पटलं पण एक सांगतो, सगळं वाटायचं नसतं. नवरा-बायकोचं भांडण, दारू, कर्ज असलं कुणी विश्वासानं सांगितलं तर ते कमिटीत नेऊ नका, ते तुमच्यापाशीच राहू दे. पैसा मात्र आजपासून हातात धरू नका. आमच्याकडे उपासना झाली की दोन वेगळ्या घरची माणसं वेस्ट्रीत (चर्चच्या बाजूच्या खोलीत) टेबलावर दानार्पण ओततात, नोटा वेगळ्या, चिल्लर वेगळी, वहीत आकडा लिहून दोघांच्या सह्या, महिन्याचा हिशेब नोटीस बोर्डावर. पाळक त्या खोलीत येत पण नाहीत. निम्मी कुजबुज तिथंच बंद झाली.

आणि आठवड्याची एक सुट्टी उपासनेच्या सूचनांमध्ये जाहीर करा, त्या दिवशी मयत सोडून बाकी फोन सेक्रेटरीकडे. महिनाभर लोक कुरबुर करतील, करू दे.

पाळक, मिरज तालुका
आभार सगळ्यांचे. ग्रीक नावांकडे मी कधी असं बघितलंच नव्हतं. कबरस्तानासाठी एक जण डोळ्यासमोर आहे, सगळ्यात जास्त बोलणारा तोच, या रविवारी त्याच्या घरी जाऊन विचारतो. खजिनदारसाहेब, एक विचारायचं होतं, मोजणीच्या दोन माणसांची पाळी तुम्ही दर महिन्याला बदलता का वर्षभर तीच ठेवता?

खजिनदार, इस्लामपूर
दर महिन्याला बदलतो, आणि एक तरी तरुण संघातला असतोच.