गावचा क्लब आणि मैदानाचा खर्च
प्रश्न असा की युक्रेनमध्ये खेडेगावचा फुटबॉल क्लब प्रीमियर लीगपर्यंत, म्हणजे देशाच्या सर्वोच्च स्तरापर्यंत, जातो कसा. कीवजवळच्या कोव्हालिव्हका गावाचा कोलोस क्लब बघा. २०१५ ला द्रुहा लीगमध्ये, म्हणजे तिसऱ्या स्तरावर आला. पुढच्याच वर्षी पेर्शा लीग, म्हणजे दुसरा स्तर. २०१९ ला बढतीच्या प्लेऑफमध्ये ओदेसाच्या चोर्नोमोरेत्स क्लबशी घरी ०-० बरोबरी आणि ओदेसात २-० जिंकून थेट प्रीमियर लीगमध्ये!

खरी अडचण त्यानंतरची. गावचं मैदान प्रीमियर लीगच्या निकषांत बसेना, म्हणून घरचे सामने कीवच्या ओबोलोन अरेनावर. दोन हजारही वस्ती नसलेल्या गावात शेवटी पाच हजारांचं स्टेडियम उभारलं. संघ चढतो चार वर्षांत, मैदान मागे राहतं. पेत्रोवे या छोट्या वस्तीचा इन्हुलेत्स क्लबही विसरू नका: दुसऱ्या स्तरावर असताना २०१९ च्या युक्रेन चषकाचा अंतिम सामना खेळला, तोही बलाढ्य शाख्तार क्लबविरुद्ध.