भूवेष्टित देश गरीबच राहतात का? आणि मग विदर्भाचं काय?

वणीचा_नकाशा
गावातल्या अभ्यासिकेत एमपीएससी करणाऱ्या मुलांसाठी 'देशाचं स्थान आणि विकास' यावर टिपण काढतोय. पुस्तकात 'भूवेष्टित (खुल्या समुद्राचा किनारा नसलेले) देश मागे राहतात' एवढं एक वाक्य आहे. मग स्वित्झर्लंड श्रीमंत आणि नेपाळ गरीब कसा? मुलं पुढचंही विचारतात, यवतमाळ-चंद्रपूरलाही समुद्र नाही, मग आपल्यालाही हाच नियम का? आकड्यांसह उदाहरणं हवीत.

पृष्ठप्रदेश
भाऊ, नुसते किलोमीटर मोजून हे सुटत नाही. वाटेत कोणाची हद्द लागते ते बघा. समृद्धी महामार्ग नागपूर ते आमणे (ठाणे जिल्हा, मुंबईजवळ) 701 किमी आहे. नेपाळचं बीरगंज कोलकाता बंदरापासून रेल्वेने साधारण तेवढंच. पण नागपूरच्या मालाला वाटेत एकही सीमा नाही. बीरगंजच्या कंटेनरला कोलकात्यात पारगमनाचे (दुसऱ्या देशातून माल नेण्याचे) कागद, सील आणि मग रक्सौलची भारत-नेपाळ सीमा. एक कागद अडला की कंटेनर थांबतो, आणि ठरलेली मुदत संपली की बंदराचं व जहाज कंपनीचं भाडं दिवसागणिक चढतं. माल कधी पोचेल याचा भरवसा नसल्याने व्यापारी जास्तीचा साठा ठेवतो, त्यात भांडवल अडकतं. खरा तोटा इथे आहे. 1989 आणि 2015 मध्ये भारत-सीमेवरची वाहतूक अडली तेव्हा नेपाळात इंधनाची टंचाई झाली.

स्वित्झर्लंडला बासेल इथे राइन नदीवर बंदर आहे. 1868 च्या मानहाइम करारामुळे राइनवरची जहाजवाहतूक खुली आणि पथकरमुक्त, म्हणून बार्ज (मालवाहू सपाट बोटी) थेट नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरापर्यंत जातात. शेजारचे जर्मनी, फ्रान्स, इटली हेच मोठे ग्राहक. शिवाय घड्याळं आणि औषधं यांची किलोमागे किंमत एवढी, की भाडं त्यात दिसतही नाही. युगांडाचं उलट. त्यांचा बहुतेक माल केनियाच्या मोंबासा बंदरातून येतो. 2007-08 मध्ये निवडणुकीनंतर केनियात हिंसाचार झाला आणि पेट्रोल संपलं युगांडात.

रुई_सरकी
विदर्भाच्या प्रश्नाला सीमेपेक्षा वजनाचा हिशोब जास्त लागू पडतो. आल्फ्रेड वेबरने 1909 मध्ये मांडलेला सिद्धांत इथे कापसावर शिकवा: प्रक्रियेत कच्च्या मालाचं वजन खूप घटत असेल तर कारखाना कच्च्या मालाजवळ बसतो. 100 क्विंटल कापूस घ्या, रुईचा (सरकी म्हणजे बी काढून उरलेल्या तंतूंचा) उतारा 34 टक्के धरा. रुई निघते 34 क्विंटल, म्हणजे 170 किलोच्या बरोबर 20 गाठी. बाकी सरकी आणि थोडी घट. कापूस तसाच मुंबईला नेला तर जवळपास दोन तृतीयांश भाडं रुई सोडून इतर वजनावर जाईल. म्हणून जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणं) शेताजवळच राहतं, हिंगणघाट-वणीला.

सूतगिरणीचं तसं नाही. रुईचं सूत होताना वजन फारसं घटत नाही, त्यामुळे गिरणी बाजारपेठेजवळ गेली तरी भाडं वाढत नाही. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि गाठी मुंबईकडे निघाल्या. तरी जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये एम्प्रेस मिल नागपुरातच काढली, हे उदाहरण मुलांना जरूर द्या. स्थान म्हणजे सक्ती नव्हे हे त्यातून कळतं. मुलं हमखास एक चूक करतात: भाडं काढताना कापूस आणि रुईचं वजन एकच धरतात.

चांदा_कोळसा
वरच्या दोघांत एक भर. स्थानाचा फायदा सरकारी धोरण पुसूनही टाकू शकतं. 1950 च्या दशकापासून 1990 च्या सुरुवातीपर्यंत भारतात भाडे समानीकरण होतं. पोलाद खाणीजवळ घ्या की हजार किलोमीटरवर, दर तोच. बिहार-ओडिशासारख्या खनिज-राज्यांना खाणीजवळ असण्याचा लाभ उरला नाही, किनाऱ्यावरच्या कारखान्यांना मात्र पोलाद स्वस्त पडलं. कापसाला असं समानीकरण नव्हतं. 'निसर्गाने दिलं, माणसाने घालवलं' असं उत्तर लिहायचं असेल तर हाच मुद्दा घ्या.

वणीचा_नकाशा
आभार सगळ्यांचे. उझबेकिस्तान कुठे बसवू?

पृष्ठप्रदेश
त्याला समुद्र गाठायला निदान दोन देश ओलांडावे लागतात. असा दुसरा देश फक्त लिकटेनस्टाइन, आणि तो श्रीमंत आहे, म्हणून ही जोडी शेजारी-शेजारी मांडा. तक्त्यात चार रकाने करा: जवळचं बंदर, वाटेतल्या सीमा, वाहतुकीचं साधन, निर्यातीची किलोमागे किंमत. कझाकस्तानला कॅस्पियनचा किनारा आहे, तरी तो भूवेष्टितच धरायचा, कारण कॅस्पियन महासागराला नैसर्गिकरीत्या जोडलेला नाही. बहुपर्यायी प्रश्नात इथे गुण जातात.