थंडीत कुत्र्याच्या पंजाला भेगा: टाचांचं मलम चालेल का?

धसकट_परभणी: इकडं पहाटे पारा दहाच्या खाली उतरतोय. कारवानी कुत्रा, चार वर्षांचा, दिवसभर सोयाबीनच्या धसकटांत. पुढच्या दोन्ही पंजांच्या गाद्या खरखरीत, एकीला भेग. रक्त नाही, लंगडणं नाही. आपलं टाचांचं मलम लावू का? की बूट घेऊ?

काळीमाती: टाचांचं मलम नको. त्यात बऱ्याचदा सॅलिसिलिक आम्ल असतं, आणि कुत्रं पाय चाटणारच. झिंक ऑक्साइडची मलमंही त्याच कारणानं टाळा.

२० ग्रॅम मधमाशीचं मेण आणि ८० ग्रॅम बिनवासाचं खोबरेल वाटीत घ्या. वाटी गरम पाण्यात ठेवून वितळवा, डबीत ओता. नुसतं खोबरेल दोन मिनिटांत चाटून साफ होतं, मेणामुळं टिकतं. रात्री पाय कोमट पाण्यानं धुवा, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करा (ओल राहिली की बुरशी आलीच). मग पंजाला वाटाण्याएवढं मलम चोळा आणि लगेच भाकरी पुढं ठेवा, तेवढा वेळ चाटणं थांबतं. आठवडाभर रोज, पुढं आठवड्यातून दोनदा. जास्त लावलं तर गादी मऊ पडते आणि धसकटावर फाटते.

बांधावरून: मलमाआधी बेचक्या बघा. सराटा दिसतो, निघतो. कुसळ वाईट: तिचे काटे उलटे असतात, त्यामुळं ती आतच सरकत जाते. एकच पंजा सारखा चाटणं, बेचक्यात पुवाची गाठ, म्हणजे कुसळच समजा. टोक बाहेर असेल तर चिमट्यानं सरळ ओढा, नसेल तर सुई घालून खोदू नका, दवाखाना गाठा. गाद्यांमधले केस बोथट कात्रीनं गादीच्या पातळीला आणा.

बूट राहू द्या. काळ्या रानात माती आत जाते आणि कातडी सोलते.

धसकट_परभणी: भेगेतून रक्त आलं तर? हळद भरू?

काळीमाती: हळद नको, वर खपली धरते, घाण आत कोंडते. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पाऊण चहाचा चमचा मीठ टाकून धुवा. बोटांमध्ये कापूस ठेवून सैल पट्टी बांधा, मधल्या दोन बोटांची टोकं उघडी ठेवा. ती सुजली किंवा गार पडली तर पट्टी लगेच सोडा.

बांधावरून: आणखी एक. चारही गाद्या आणि नाक जाड, कडक झालं, सोबत डोळ्यांत चिपडं, खोकला किंवा ताप असेल तर ती थंडी नव्हे, डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूचा आजार) असू शकतो. मलमात दिवस घालवू नका. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच, उदगीरलाही आहे.