१० मीटर एअर रायफलसाठी स्कोप कोणता घ्यावा? बजेट १५ हजार

इचलकरंजीचा_बाबा
नमस्कार मंडळी, मदत पाहिजे. मुलगी आठवीत आहे, पॅरिसला स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळालं तेव्हापासून घरात रायफल रायफल चालू आहे, शेवटी इथल्या एका रेंजवर नाव घातलं. सध्या क्लबची रायफल वापरते, साधी ओपन साईटची, म्हणजे मागं खाच आणि पुढं पट्टी. पुढं जिल्ह्याच्या, मग राज्याच्या स्पर्धा खेळायच्या म्हणते. मी एका दुकानात चौकशी केली तर तो म्हणाला ४-१२x५० घ्या, म्हणजे चार ते बारा पट झूम आणि पुढची काच ५० मिमीची, लांबचं एकदम जवळ दिसतं, पोरगी नुसती दहा मारेल. नेटवर बघितलं तर एमओए काय, मिल काय, पॅरलॅक्स काय, डोकं गरगरायला लागलं. १५ हजारापर्यंत कुठला स्कोप बसेल? झूम किती घ्यावा? आणि हो, तिला चष्मा आहे, मायनस दीडचा, त्यानं काही फरक पडतो का तेही सांगा. जाणकारांनी जरा सोप्या भाषेत सांगावं ही विनंती.

रंकाळा_दहापॉइंटनऊ
दादा आधी ते १५ हजार परत खिशात घाला. १० मीटर एअर रायफलला स्कोप चालतच नाही. आयएसएसएफचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा, नियम सरळ आहे, रायफलवर दुर्बीण लावायची नाही, आणि आपल्याकडच्या जिल्हा, राज्य, अखिल भारतीय मावळंकर, नॅशनल सगळ्या स्पर्धा त्याच नियमावर चालतात. इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य तपासणीच्या टेबलावरच रायफल बाजूला ठेवतील. स्वप्नीलनं ५० मीटर थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, लोळून, उभं राहून) फायनलला ४५१.४ मारले ते पण बिगर दुर्बिणीचेच, आणि आपल्या तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकमध्ये प्रोनचं (लोळून मारायचं) वर्ल्ड टायटल घेतलं ते पण तसंच.

तिथं जी लागते ती पीप साईट, जर्मन लोक डायऑप्टर म्हणतात. मागं डोळ्याजवळ एक चकती, तिला मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरचं भोक. पुढं नळीच्या टोकाला एक बोगदा आणि त्यात रिंग. तुम्ही भोकातून बघायचं, भोकात बोगदा गोल बसला पाहिजे, बोगद्यात रिंग आहेच, आणि रिंगच्या मधोमध टार्गेटचा काळा गोळा. गोलात गोल, त्यात गोल. माणसाचा डोळा गोल मधोमध आहे का नाही हे फार बारीक ओळखतो, सगळी करामत त्यावर आहे. काच एक पण नाही. भोक बारीक असल्यामुळं रिंग आणि टार्गेट दोन्ही बऱ्यापैकी स्वच्छ दिसतात, तरी नजर रिंगवर ठेवायची, काळा गोळा किंचित धूसर राहिला तर राहू दे.

आपल्याकडं खालच्या लेव्हलला ओपन साईटचे आणि पीप साईटचे इव्हेंट वेगवेगळे असतात. मुलगी आत्ता ओपनला आहे ते चांगलंच आहे, सहा-आठ महिने तिथंच राहू दे. ट्रिगर आणि पोझिशन बसली की मग पीपकडं. एवढी गडबड करू नका.

पॉइंट१७७_दापोली
नियम मान्य आहे हो, पण घरी प्रॅक्टिसला स्कोप लावला तर काय बिघडलं? मी वाडीत स्प्रिंगरवर, म्हणजे स्प्रिंगच्या एअरगनवर ३-९x४० लावून डबे उडवतो, मजा येते, आणि आपला हात किती हलतो ते स्कोपमध्ये जेवढं दिसतं तेवढं ओपन साईटमध्ये कधीच दिसत नाही. मुलांना ते समजायला नको का?

रंकाळा_दहापॉइंटनऊ
@पॉइंट१७७_दापोली तेच तर बिघडतं भाऊ. हात सगळ्यांचा हलतो, ऑलिंपिकवाल्याचा पण हलतो. दहाचा ठिपका आहे अर्ध्या मिलिमीटरचा, अख्खं टार्गेट साडेपंचेचाळीस मिमीचं. स्कोपमध्ये पोरगी बघते की क्रॉस ठिपक्यावरून इकडून तिकडं पळतोय, मग तो ठिपक्यावर आला रे आला की ट्रिगर फाडकन ओढायची सवय लागते. ती सवय एकदा हाताला लागली की कोचला काढायला वर्ष जातं. पीपमध्ये तोच हलका झोका रिंगच्या पांढऱ्या पट्टीत मावतो, मन शांत राहतं, बोट हळू दाबत राहतं. डबे उडवायला स्कोप एक नंबर, माझा काही विरोध नाही.

आणि दादा, दुकानदारानं सांगितलेला ४-१२x५० बहुतेक शिकारी बंदुकीसाठीचा असणार. असल्या बऱ्याच स्कोपचा पॅरलॅक्स १०० यार्डाला फिक्स असतो, १० मीटरला बघितलं तर सगळं धूसर, आणि डोळा जरा सरकला की क्रॉस पण सरकल्यासारखा दिसतो. त्यात स्प्रिंगवाल्या गनवर लावला तर आतली काच-रेटिकल (नेमाचा क्रॉस) हलायची शक्यता वेगळीच, कारण स्प्रिंगरचा धक्का आधी मागं आणि मग लगेच पुढं असा दोन्ही बाजूनं बसतो. मोठ्या काडतुसाच्या रायफलवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोप स्प्रिंगरवर खिळखिळा होतो. @पॉइंट१७७_दापोली तुमचा एअरगनसाठीचा असेल तर ठीक.

पॉइंट१७७_दापोली
एअरगनवालाच आहे, स्कोपची पुढची रिंग फिरवून १० यार्डापर्यंत फोकस होतो. आधीचा गेला होता त्यातच, तुम्ही म्हणता तसा 😀

नियमावली_वाचणारा
एक अपवाद नोंदवून ठेवतो नाहीतर कोणीतरी येऊन म्हणेल. आयएसएसएफमध्येच रनिंग टार्गेट नावाचा प्रकार आहे, टार्गेट रुळावरून आडवं पळतं, त्याला स्कोप चालतो, १० मीटरला ४x पर्यंतच. १९९२ ते २००४ ऑलिंपिकमध्ये पण होता, मग काढला. आपल्या मुलीशी संबंध नाही, माहितीसाठी. बाकी एअर रायफलचं वजन साडेपाच किलोपेक्षा जास्त चालत नाही, साईट धरून. आणि घरी गन घ्यायची वेळ आली तर ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलच्या आतली घ्या, २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे त्याच्यावर गेलं की लायसन्स लागतं. दुकानदाराकडून पावती घ्याच.

सातारकर_इन_सरे
अरे वा, इथे स्कोपचा विषय निघाला म्हणून डोकावलो. मी यूकेमध्ये असतो, इथल्या बिस्ले रेंजवर एफ-क्लास मारतो, म्हणजे लांब पल्ल्याची रायफल. एफ म्हणजे फार्क्वारसन, जॉर्ज फार्क्वारसन नावाच्या कॅनेडियन माणसानं हा प्रकार काढला, म्हातारपणी नजर आणि हात साथ देईनात म्हणून लोळून, बायपॉडवर, स्कोप लावून. ज्यांना खरंच स्कोप लागतो अशा कोणी हा धागा वाचला तर दोन गोष्टी सांगतो, दादांनी सरळ वगळा.

एक, झूमच्या मागे धावू नका. आमच्याकडे ५५x-६०x चे स्कोप सर्रास आहेत आणि उन्हाच्या दिवशी ९०० यार्डावर तेच लोक २५-३० वर आणून ठेवतात, कारण जमिनीवरची गरम हवा उकळत्या पाण्यासारखी हलताना दिसते, टार्गेट लापशी होतं. त्यापेक्षा काच चांगली घ्या. दोन, क्लिक खरी आहे का ते बघा. म्हणजे टरेट (स्कोपवरची फिरवायची खुंटी, दर टप्प्याला एक क्लिक) १० एमओए वर फिरवली तर (एमओए हे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग) गोळी १० एमओएच वर जाते का. १०० यार्डावर उंच कागद लावायचा, ओळंब्यानं उभी रेघ मारायची, खाली नेम धरून मारायचं, टरेट फिरवून परत त्याच खालच्या ठिपक्यावर नेम धरून मारायचं, आणि टेपनं मोजायचं. एक एमओए १०० यार्डाला १.०४७ इंच, म्हणजे १० ला साधारण साडेदहा इंच यायला पाहिजे. गोळ्या रेघ सोडून तिरक्या वर गेल्या तर स्कोप वाकडा बसलाय. महागड्या स्कोपमध्येही हे तपासून घ्यावं लागतं, डब्यावर काय छापलंय त्याला अर्थ नाही.

फर्स्ट फोकल की सेकंड फोकल, म्हणजे रेटिकल झूमच्या काचांच्या पुढे की मागे, हा वाद लोक उगाच वाढवतात. आमचं अंतर ठरलेलं असतं, त्यामुळे सेकंड फोकल, बारीक रेघ, झूम वाढवला तरी रेघ जाड होत नाही आणि दहाचा ठिपका झाकत नाही. पीआरएससारखं, जिथे दर दोन मिनिटांनी अंतर बदलतं आणि रेटिकलवरच्या खुणांनी होल्ड करायचं असतं, तिथे फर्स्ट फोकल आणि मिल (एमओएसारखंच दुसरं कोनाचं माप), कारण कुठल्याही झूमवर खुणा खऱ्या राहतात. आणि वजन! एफ-टीआरला (एफ-क्लासचाच एक गट) स्कोप, बायपॉड सगळं धरून ८.२५ किलोची मर्यादा. नाईटफोर्सचा कॉम्पिटिशन १५-५५x५२ लोक आवडीनं घेतात त्यात १/८ एमओएची क्लिक हे एक कारण आणि ८०० ग्रॅमच्या आत बसतो हे दुसरं. बँक मॅनेजरशी आधी बोलून घ्या मात्र.

इचलकरंजीचा_बाबा
बापरे, @सातारकर_इन_सरे तुमचं वाचून भारी वाटलं पण आमचं काम नव्हे हे. सगळ्यांचे आभार, पैसे वाचले. मग आता क्लबच्या सरांना विचारून पीप साईट घेऊन ठेवू का लगेच? आणि चष्म्याचं कोणीच सांगितलं नाही.

नेमबाजाची_आई_नाशिक
चष्म्याचं मी सांगते, आमच्याकडे हाच घोळ होता. उभं राहून रायफल धरली की मान थोडी पुढे आणि आडवी होते, गाल चीकपीसवर, म्हणजे दस्त्यावरच्या गालपट्टीवर टेकतो. म्हणजे मुलगी चष्म्याच्या काचेच्या मधून बघतच नाही, नाकाच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यातून बघते. त्या कोपऱ्यातून नंबर नीट लागत नाही, आणि घाम आला की चष्मा घसरून रोज वेगळ्या जागेतून बघणं होतं. आज ग्रुप डावीकडे, उद्या वर, आणि पोरगी रडवेली. यासाठी शूटिंग फ्रेम मिळते, एकच गोल काच असते, ती पुढेमागे-आडवी फिरवून डोळ्यासमोर बरोब्बर सरळ आणता येते. काच आपल्या नंबरची आपल्याच ऑप्टिशियनकडून कापून घ्यायची. मोठे शूटर रिंग स्पष्ट दिसावी म्हणून दूरच्या नंबरात थोडा प्लस घालून घेतात, पण तेरा-चौदाच्या मुलांचा डोळा स्वतःच जुळवून घेतो, आहे तोच नंबर टाका. फक्त घेण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून ताजा नंबर काढा, या वयात भराभर बदलतो. तुमचे १५ हजार खर्चच करायचे असतील तर आधी यावर करा.

दुसरा डोळा मिटू देऊ नका, चेहरा ताणला जातो. त्या डोळ्यासमोर दुधी रंगाची पट्टी लावतात, ३० मिमीपेक्षा रुंद चालत नाही. काळी नको, दुधीच, म्हणजे दोन्ही डोळ्यांत उजेड सारखा जातो.

पीप साईट लगेच घेऊ नका, कारण ती रायफलबरोबर येते. मॅच रायफल नवी घ्या नाहीतर जुनी, मागची साईट आणि पुढचा बोगदा बहुतेक वेळा सोबत असतोच. वेगळी घ्यायची ती पुढची रिंग, आणि ती स्वस्त असते. लहान मुलांना मोठी रिंग द्या, ४ मिमी किंवा वर, काळ्या गोळ्याभोवती पांढरी पट्टी चांगली दिसली पाहिजे. आमच्या इथे काही पालक बारीक रिंग म्हणजे बारीक नेम असं समजून ३.२ वगैरे आणतात, मग मूल त्या रिंगमध्ये गोळा मावतोय की नाही यातच अडकतं, दहा-बारा सेकंद धरून ठेवतं, हात थरथरतो आणि सात जातो.

रंकाळा_दहापॉइंटनऊ
ताईंनी सगळं बरोबर सांगितलं. एकच भर. पीपवर गेल्यावर साईटची उंची अशी बघा: मुलीला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगा, गाल जिथं आपोआप पडतो तिथं पडू दे, मग डोळा उघडायला सांगा. भोकात बोगदा मधोमध दिसला तर झालं. नाही दिसला तर चीकपीस हलवा, नाहीतर साईटखाली रायझर (उंची वाढवणारा तुकडा) टाका, मान हलवायची नाही. मान हलवून जुळवलं की पहिल्या वीस गोळ्या बऱ्या जातात आणि साठाव्या गोळीपर्यंत मानेचा खुळखुळा. मॅच सव्वा तासाची असते हे लक्षात ठेवा.

इचलकरंजीचा_बाबा
लई उपकार झाले. रविवारी आधी डोळ्याच्या डॉक्टरकडं नेतो. शूटिंग फ्रेम पुण्यात मिळते का मुंबईलाच जावं लागंल?

नेमबाजाची_आई_नाशिक
आधी तुमच्या रेंजवर विचारा, मोठी मुलं फ्रेम बदलतात तेव्हा जुनी अर्ध्या किमतीत देतात. आम्ही तशीच घेतली. काच तेवढी नवी टाका.