पकडीतच पुढची हालचाल ठरलेली असते

हात वस्तूपर्यंत पोहोचला की मग मेंदू पुढचं ठरवतो, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. वाटेत बारीक दुरुस्त्या होत राहतात, तेवढं खरं. पण पालथा ठेवलेला पेला सुलटा करून त्यात पाणी ओतायचं असेल, तर आपण मनगट आधीच वळवून, अंगठा खाली ठेवून तो धरतो. सुरुवातीला अवघडलेला हात शेवटी आरामात असतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रोझेनबॉम आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये अशाच पकडीचा अभ्यास केला होता. माझी मुलगी तीन वर्षांची असताना पेला सरळ धरायची आणि मग मनगट पिरगाळत बसायची. हे आगाऊ नियोजन वयाबरोबर हळूहळू येतं, ते मी घरातच पाहिलं.

आणखी एक. हेन्री आणि रॉजर्स या संशोधकांनी १९६० मध्ये दाखवलं की इशारा मिळाल्यावर नुसतं बोट उचलायचं असेल तर सुरुवात लवकर होते. तेच बोट उचलून पुढे लोंबता चेंडू पकडायचा असेल तर सुरुवातच उशिरा होते. पहिली हालचाल दोन्हीकडे तीच! हा जादा वेळ पुढच्या हालचालीच्या तयारीचा, असं त्यांनी मांडलं, आणि मला ते पटतं.