आंबा, पर्सोना आणि 'सगळेच'

देवगडचो_कोडर: काल इथे एकाने लिहिलं, "यूजर पर्सोना (ज्याच्यासाठी साइट करायची तो नमुन्याचा, नाव-गाव दिलेला माणूस) म्हणजे डिझायनरांचं बिल फुगवायचं साधन. गिऱ्हाईक कोण ते बागायतदाराला ठाऊकच असतं." ठाऊक असतं? एका बागेची साइट केली तेव्हा मालकांना विचारलं, गिऱ्हाईक कोण? म्हणाले, "सगळेच." अ‍ॅलन कूपर (पर्सोनाची पद्धत आणणारा सॉफ्टवेअर डिझायनर) ज्याला रबरी यूजर म्हणतो तो हाच, ओढाल तिकडे ताणतो. आम्हीही सगळ्यांसाठी केली. एप्रिलात फोन सुरू: "आंबे हिरवे पाठवलेत, फसवलंत!" मग जुन्या पंधरा गिऱ्हाइकांशी बोललो. निम्म्यांना आढी, म्हणजे आंबे गवतात पिकत घालणं, काय तेच माहीत नाही, पेटी आली की त्याच रात्री सुरी. शेवटी पर्सोना म्हणून एकच बाई समोर ठेवली: पहिल्यांदाच पेटी मागवणारी, कोथरूडला दोन खोल्या, आढी घालायला जागा नाही. पैसे भरायच्या आधी 'कधी खायचेत?' हा प्रश्न आला. फोन अजून येतात, पण 'फसवलंत' गेलं.

कलमवाला: म्हणजे बोलणं कामाला आलं, बाई नव्हे! आम्हाला एका एजन्सीने दिलेला पर्सोना ऐका: 'राहुल, ३२, हिंजवडी, कॉफी आणि ट्रेकिंगची आवड.' कॉफीचा हापूसशी काय संबंध? एकाही गिऱ्हाइकाला फोन केला नव्हता. पैसे मात्र चोख मोजून घेतले.

पिक्सेलवाली: दादा, तो पर्सोना नव्हे, स्थळाचा बायोडाटा. कूपरचा १९८३ चा पहिला पर्सोना, कॅथी, खऱ्या बाईशी बोलून उभी राहिली, आणखी सात-आठ जणांना विचारून. न विचारता रंगवलेल्या राहुलचं पाप कॅथीच्या माथी कशाला?

रत्नांग्रीकर: ते राहू द्या. साइटवर 'अस्सल म्हणजे देवगडच' असं लिहिलंय का? २०१८ चं जीआय (भौगोलिक मानांकन) हापूसला आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, पाचही जिल्ह्यांना.

देवगडचो_कोडर: कागद घेऊन बसा. साल हातात घेऊन बघा, किती पातळ ती.

रत्नांग्रीकर: पातळ सालीचं कौतुक आम्हाला नको. आत साका (गराचा पांढरा, खराब भाग) निघाला की साल चाटणार?

कलमवाला: आणि कर्नाटकातला माल 'देवगड' छापलेल्या खोक्यात भरतात, त्याबद्दल दोघेही गप्प!

मालवणी_झील: मेल्यांनो, आंबो विकूचो हा की भांडूचा हा?

रत्नांग्रीकर: सुरुवात त्यांनी केली.

कलमवाला: असो. 'कधी खायचेत' हा प्रश्न मी उचलतोय. बाई तुमच्याकडेच ठेवा.

पिक्सेलवाली: मग 'दोन दिवसांनी पाहुणे आहेत' म्हणणाऱ्याला कुठला आंबा पाठवणार?

कलमवाला: तयार. एवढं समजतं हो आम्हाला.